खराटा म्हणजे शिक्षा?

‘मॅडम, याले शंभर डाव सांगतलं, तरी चिप्सचं पाकीट आंगनातच फेकते.’ दर्यापूरकडच्या एका खेड्यातली आई पाचवीतल्या लेकाला घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ही तक्रार माझ्या नेहमीच्या कानावरची. मी विचारलं, घरी झाडतं कोण? रोज बहीण. आणि हा? ‘पेपरात मार्क कमी पडले का याच्या हाती खराटा देतो.’

घ्या! गाडगेबाबांचं शेंडगाव याच अमरावती जिल्ह्यातलं. गावं झाडत हिंडलेल्या बाबांची तसबीर शाळेच्या भिंतीवर, आणि घरी तोच खराटा म्हणजे शिक्षा. नाहीतर पोरीचं काम. पोरानं हिशोब बरोबरच लावला होता. वर वडिलांच्या खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पुडी, दाराबाहेर पडते, हेही त्यानंच सांगितलं. आई खाली बघत बसली.

उपदेश टाळला. खराटा भावंडांत पाळीपाळीनं, मार्कांशी संबंध नाही, एवढं ठरवलं. आणि घरामागचा शेणखताचा खड्डा त्याच्या ताब्यात दिला. शेण, भाजीची देठं, पालापाचोळा खड्ड्यात. पन्नी वेगळ्या पोत्यात. चूल पेटवायलाही पन्नी नाही, कारण तो विषारी धूर आधी आईच्याच छातीत जातो. खड्ड्यात कुणी पन्नी टाकली तर यानं टोकायचं, आजोबा असले तरी.

आठवडाभर जोर होता, मग विसरला. आई गुपचूप त्याचं काम उरकू लागली. ते मी थांबवलं आणि त्याला म्हटलं, ढिगात पाणी शिंपड, मधोमध लोखंडी सळई खुपसून ठेव, चार-पाच दिवसांनी उपसून हात लाव.

सळई गरम निघाली. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंमुळे ओलसर ढीग आतून ५०-६० अंशांपर्यंत तापतो. पोरानं आजोबांचा हात धरून सळईवर टेकवला म्हणे. त्यानंतर आठवण करून द्यावी लागली नाही. पन्नीजवळचं खत कसं तसंच राहतं, हे तो मलाच समजावत होता.

वडिलांचा खर्रा सुटलेला नाही. तो वेगळाच विषय. पण दारात हा उभा असतो, म्हणून पन्नी खिशात जाते. परवा आई भेटली तेव्हा नवी तक्रार घेऊन आली होती: ‘मॅडम, कपडे धुवाले घेतले का यायच्या खिशातून पन्न्याच निंगते!’