पोकेमॉन दुर्लक्षित की उपेक्षित?

प्रश्न असा आलाय: "पोकेमॉनच्या गेम्समध्ये जे पोकेमॉन्स कुणीच टीममध्ये घेत नाही त्यांच्याबद्दल लिहितोय. अंडररेटेडला मराठीत दुर्लक्षित म्हणू की उपेक्षित? एकाने सांगितलं की दुर्लक्षित हा शब्दच अशुद्ध आहे."

आधी ते 'पोकेमॉन्स' खोडा (पोकेमॉन म्हणजे या जपानी गेम्समधले पकडून लढवायचे काल्पनिक प्राणी). सगळीकडे ऐकू येतं आणि दर वेळी कानाला टोचतं. जपानीत नामाला असा अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, इंग्रजी गेममध्येही एक असो नाहीतर शंभर, पोकेमॉनच असतं, आणि मराठीत बैल, साप, उंदीर यांचं अनेकवचन बैल, साप, उंदीरच राहतं ना? मग पोकेमॉनचंही तसंच. तिन्ही भाषा एका बाजूला असताना तो 'स' आणला कुठून? विभक्ती लागली की पोकेमॉनांना, पोकेमॉनांचा. संपलं.

आता अंडररेटेड. गेंगार, लुकारिओ असल्या लाडावलेल्या पोकेमॉनलाही हल्ली अंडररेटेड म्हणतात, म्हणजे आपल्याला आवडतो एवढाच त्याचा अर्थ उरलाय. खरं तर याला मराठीत 'कमी लेखलेला' हा नेमका शब्द आधीपासून आहे. कुणीतरी तोलून बघितलं आणि किंमत कमी ठरवली. पाचिरिसू ही खार घ्या, ताकदीचे आकडे बघून कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं, पण २०१४च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला कोरियाच्या से जुन पार्कने तीच टीममध्ये घेतली, दोन-दोनच्या लढतीत 'फॉलो मी' वापरून समोरच्याचे हल्ले तिने स्वतःवर ओढून घ्यायचे आणि शेजारच्या पोकेमॉनला मोकळं सोडायचं, आणि तो थेट विजेता झाला. कमी लेखणं म्हणजे काय ते यात दिसतं. २०१४नंतर मात्र पाचिरिसूला अंडररेटेड म्हणणाऱ्याने जरा विचार करावा.

उपेक्षित वेगळं. उप आणि ईक्ष्, ईक्ष् म्हणजे बघणं. अपेक्षा, परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा सगळी त्याच धातूची लेकरं, त्यामुळे उपेक्षेतही बघणं आहेच, बघून सोडून देणं आहे. लव्हडिस्क हा गुलाबी बदामाच्या आकाराचा मासा सगळ्यांनी बघितलाय, रुबी-सफायर या गेम्सपासून लोक त्याला धरतात ते त्याच्याजवळ सापडणाऱ्या हार्ट स्केल नावाच्या वस्तूसाठी, कारण ते दिलं की पोकेमॉनला लढाईतली विसरलेली चाल परत शिकवणारा माणूस खूश होतो. हार्ट स्केल काढून घेतलं की मासा साठवणीच्या बॉक्समध्ये, नाहीतर सोडून दिला. हा उपेक्षित. याला दुर्लक्षित म्हणू नका, लक्ष चांगलंच होतं, फक्त त्याच्याकडच्या मालावर होतं.

आणि आता दुर्लक्षित, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलोय. दुर् या उपसर्गाचे दोन चेहरे आहेत. दुर्गंध, दुर्जन यांत तो 'वाईट', पण दुर्गम म्हणजे जिथे जायला कठीण, दुर्लभ म्हणजे मिळायला कठीण, आणि त्याच चालीवर संस्कृतात दुर्लक्ष्य म्हणजे दिसायला कठीण! आपण मराठीत लक्ष हा शब्द 'ध्यान' या अर्थाने इतका वापरला की दुर्लक्ष म्हणजे बघणाऱ्याचा हलगर्जीपणा झाला. माझं ठाम मत आहे की जुना अर्थ पूर्ण मेलेला नाही, "माझ्याकडून दुर्लक्ष झालं" असं आपण म्हणतो तेव्हा मुद्दाम केलं असं कुठे म्हणतो, गोष्ट नजरेतून निसटली असंच म्हणायचं असतं.

हा जुना अर्थ ज्याला मापाने शिवल्यासारखा बसतो तो पोकेमॉन म्हणजे डन्स्पार्स. १९९९च्या गोल्ड-सिल्व्हर या गेम्समधला, पिवळसर, बुटका, मधे फुगलेला, पाठीवर चिमुकले पंख असलेला साप. डार्क केव्ह या गुहेत एरवी क्वचितच भेटतो, त्यांची झुंड आली की ओळख झालेला एक गिर्यारोहक फोन करून कळवतो, तेव्हा कुठे गाठ पडायची शक्यता. पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या पोकेमॉनांच्या माहितीकोशात, लिहिलंय की कुणी बघितलं की तो शेपटीने जमीन उकरत मागच्या मागे पळून जातो. याच्याकडे कुणी दुर्लक्ष केलं म्हणण्यापेक्षा हा जातीचाच दुर्लक्ष्य आहे.

आणि तो तसा का आहे ते त्याच्या जपानी नावात आहे. जपानमध्ये त्सुचिनोको नावाच्या एका सापाची दंतकथा आहे, मधे जाड, शेपूट बारीक, बघितल्याचं सांगणारे भरपूर पण धरून आणलेला कुणी नाही. गिफू प्रांतातल्या हिगाशिशिराकावा गावात तर त्याला शोधायचा उत्सव भरतो आणि पकडणाऱ्याला बक्षीस लावलेलं असतं. डन्स्पार्सचं जपानी नाव नोकोच्ची. त्सु-चि-नो-को ही चार अक्षरं, मधे तोडा, मागचा तुकडा पुढे घ्या, नो-को-त्सु-चि. आता जपानी लिपीत त्सु हे अक्षर लहान आकारात लिहिलं की त्याचा स्वतःचा उच्चार जातो आणि पुढच्या व्यंजनाचं द्वित्व होतं. म्हणजे त्सु-चिचं झालं च्ची. चारही अक्षरं जागेवर आहेत, एकही वाढवलेलं नाही, एकही टाकलेलं नाही, फक्त त्सु लहान होऊन लपलाय! न सापडणाऱ्या सापाच्या नावातलं एक अक्षरही लपवून ठेवलंय. काही लोक म्हणतात च्ची हा नुसता लाडाचा शेवट आहे. लाडाचा वाटतो हे कबूल, पण मग नेमका त्सु आणि चि कसे उरतात ते त्यांनी सांगावं. इंग्रजी नावात तर हा सापच गायब झालाय.

लढाईत तो अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. सेरीन ग्रेस ही अबिलिटी, म्हणजे अंगचा गुण, मिळाली की चालींच्या जोडपरिणामांची शक्यता दुप्पट होते, हेडबट या चालीने समोरचा दचकून त्याची पाळी वाया जायची शक्यता ३० टक्क्यांवरून ६० टक्के, त्यात ग्लेअर या चालीने आधीच लुळा केलेला असेल तर समोरच्याला हालचाल करायची संधी मुश्किलीने मिळते. ज्यांनी हे सोसलंय ते डन्स्पार्सला हसत नाहीत.

आता दुर्लक्षित अशुद्ध म्हणणाऱ्यांबद्दल. त्यांचं म्हणणं असं की संस्कृत धातूपासून हे रूप या अर्थाने होत नाही. अहो पण धातूपासून केलंय कुणी? मराठीत दुर्लक्ष हे नाम तयार आहे, त्याला इत लावला. नामाला इत लावायची सोय पाणिनीनेच ठेवलीय, तारकित, पुष्पित ही रूपं तशीच झालीत. ज्याच्या वाट्याला दुर्लक्ष आलंय तो दुर्लक्षित. अर्धवट व्याकरण सांगून लोकांना घाबरवू नये.

तर तुम्ही लव्हडिस्कला उपेक्षित लिहा, डन्स्पार्सला बिनधास्त दुर्लक्षित लिहा. २०२२मध्ये, तेवीस वर्षांनी, त्याला पुढचं रूप मिळालं आणि लोक चिडले की अंगाचा एक तुकडा वाढवला फक्त. पण शंभरातल्या एखाद्यालाच दोन तुकडे वाढतात आणि कुणाला ते आधी बघून कळत नाही, हे त्यांनी बघितलंच नाही. त्याचं नाव डुडन्स्पार्स, दोन्ही 'ड' लिहा, जपानीतही नोकोच्चीचा नोकोकोच्ची करताना एक 'को' असाच वाढवलाय.