कुलाब्याची लोकल

प्रश्न : माझ्या आजोबांनी १९२९ साली मुंबईहून पुण्यास धाडलेल्या पोस्टकार्डात ‘दादरला गाडी बदलून लोकलने कुलाब्यास उतरलो’ असा मजकूर आहे. ही लोकल तर चर्चगेटपुढे जात नाही. मग ते उतरले कोठे?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आजोबांचा मजकूर अचूक आहे. तेव्हा बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचा, मार्ग चर्चगेटला न संपता ओव्हल व कूपरेज मैदानांच्या पश्चिम कडेने कुलाब्यापर्यंत जात असे, आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही तेथूनच सुटत. तेथील मोठे स्थानक १८९६ साली सुरू झाले. कापसाचा बाजार कुलाब्यातच असल्याने गुजरातेतील गाठींना हा मार्ग सोयीचा होता. तो बाजार १९२०च्या दशकात शिवडीकडे हलला. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा–बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या, तेव्हा आजोबांचा प्रवास बहुधा विजेच्या लोकलनेच झाला असावा.

इतक्या खर्चाने विजेवर आणलेला हा तुकडा तीन वर्षांच्या आत मोडीत निघाला, तो प्रवासी नव्हते म्हणून नव्हे. बॅकबेचा समुद्र हटवून नवी वस्ती उभारण्याची सरकारी योजना चालू होती आणि तिला रेल्वेखालची जमीन हवी होती. (या योजनेतील उधळपट्टी ज्यांनी चव्हाट्यावर आणली, त्या खुर्शेद नरिमन यांचेच नाव पुढे तेथील भरावाच्या टोकाला मिळाले, नियतीची ही थट्टा नोंदवण्याचा मोह आवरत नाही.) १८ डिसेंबर १९३० रोजी मुंबई सेंट्रल स्थानक सुरू झाल्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांची सोय लागली, ३१ डिसेंबरला कुलाबा स्थानक बंद झाले आणि दुसऱ्या दिवसापासून लोकल चर्चगेटलाच थांबू लागली.

जुन्या मार्गाचा माग काढावयाचा असल्यास चर्चगेटहून महर्षी कर्वे मार्गाने दक्षिणेस चालत जावे. हिंगण्याच्या अण्णांचे नाव मिळण्यापूर्वी हा क्वीन्स रोड होता. डावीकडे ओव्हल लागते. उजवीकडे तिच्यासमोर दिसणारी गोलसर सज्जांच्या इमारतींची रांग रूळ उखडल्यानंतरची आहे. कुलाबा स्थानकाच्या जागेवर आता बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.