दोन पावसाळे उभी असलेली जुनी कॅम्पर ट्रॅव्हलर लांबच्या प्रवासाला काढण्याआधी काय दुरुस्त करावं आणि कुठे चालवून पाहावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांची २००९ची टेम्पो ट्रॅव्हलर, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून कॅम्पर केलेली. म्हापशाजवळ माडांखाली दोन पावसाळे उभी. दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन आंबोली-कोल्हापूर आणि हंपी करायचंय. फिटर म्हणतो, "पहिल्या सेल्फला इंजिन लागलं, गाडी ओके आहे." तर आणखी काही बघायला हवं का?

हवं. इंजिन लागलं ही चांगलीच गोष्ट, पण ट्रॅव्हलरचं इंजिन मुळात मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, ते सहजी दगा देत नाही आणि दिलाच तर त्याचे पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. गोव्यात उभ्या गाडीला खातं ते पाणी. चार महिन्यांत इथे जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वर म्हापशाच्या बार्देश तालुक्याच्या किनाऱ्याची खारी हवा. त्यामुळे मीटरवर किती किलोमीटर आहेत याला मी फारशी किंमत देत नाही, गाडी किती महिने हलली नाही ते विचारतो. मीही डिचोलीत अशीच जुनी गाडी सांभाळून आहे. माझा क्रम ठरलेला आहे: आधी गाडी थांबते का ते, मग पाणी आणि गंज, मग वीज-गॅस, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. पडदे-गाद्यांचं नाव त्याआधी काढूच नका, घरचे कितीही मागे लागले तरी.

ब्रेकसाठी सगळी चाकं खोलायला लावा. "वरून बघितलं, ठीक आहे" हे चालणार नाही. गाडी दमट हवेत उभी राहिली की व्हील सिलेंडरमधले पिस्टन जागीच गंजतात, रबरं फुगतात, लायनर पट्टीवरून सुटायला लागतं. हँडब्रेकची केबल तर हमखास जाम झालेली असते. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, वर थोडं ओतून भागवू नका. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की हा आकडा १४० च्या आसपास येतो. घाट उतरताना ब्रेकचे ड्रम तापले, ऑइल उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल सरळ तळाला जातं. सपाट रस्त्यावर हे कधीच कळत नाही, म्हणून फिटरलाही दिसत नाही. ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्या, दुकानात उघडी पडलेली अर्धी बाटली नको. बूस्टर, म्हणजे पेडलचा जोर वाढवणारा भाग, मात्र घरीच तपासता येतो. इंजिन बंद असताना पेडल पाचसहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३२१४ असेल तर टायर २०१४च्या ३२व्या आठवड्यातला. नक्षी कितीही शाबूत दिसो, असा टायर घाटात नेऊ नका. मागे जोडचाकं असतील तर आतला टायर कुणी बघत नाही, तो तुम्ही बघा. स्टेपनीही.

आता गंज. खाली झोपून हातोडीने चेसिस ठोकत जा. आवाज खणखणीत आला पाहिजे, बोदा आला तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) थरांत गंज साचून ते चिकटलेले असतात, तेव्हा खोलून, साफ करून, ग्रीस लावून बसवायला सांगा आणि यू-बोल्ट नवे टाका. हे काम म्हापशापेक्षा डिचोली-साखळी-उसगावच्या पट्ट्यात करून घ्या असं माझं मत. खाणीच्या टिपरांवर हात बसलेले कारागीर तिथे आहेत. खाणी २०१२ साली बंद पडल्या, २०१८ साली पुन्हा पडल्या, पण पाटे आणि वेल्डिंगची ती जाण टिकून आहे. एक सांभाळा: गंजावरूनच काळं अंडरकोटिंग मारून "गाडी नवी केली" म्हणणारे भेटतील. त्याने ओल आत कोंडते आणि पत्रा दुप्पट वेगाने जातो. आधी घासणं, मग रेड ऑक्साइड, मग बाकीचं.

छताची गळती हा कॅम्परचा खास रोग, कारण मूळ गाडीला नसलेली भोकं आपण पाडलेली असतात: हवेची खिडकी, सोलरचे ब्रॅकेट, वायरी आत घेतलेली जागा. पाणी एकीकडून शिरतं आणि दुसरीकडेच टपकतं. म्हणून डाग दिसतो तिथेच सीलंट फासण्यात अर्थ नाही. एकाला आत टॉर्च घेऊन बसवा, बाहेरून पाइपने पाणी मारा, पण खालून वर जात. आधी खिडक्यांच्या खालची कड, मग वरची, मग छत, प्रत्येक पातळीवर थोडा वेळ थांबून. थेट छतावर पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि चोर सापडत नाही. जुनं सिलिकॉन खरवडून पूर्ण काढावं लागतं, कारण त्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही. नंतर पॉलियुरेथेनचं सीलंट वापरा. आतल्या प्लायवर अंगठा दाबून बघा. दबला तर तेवढा तुकडा कापून नवा बसवा, वर सनमायका चिकटवून झाकू नका. सप्टेंबरअखेरच्या सरी अजून शिल्लक असतील तर फुकटची तपासणी होते.

विजेचं सांगायचं तर अर्ध्या विचित्र तक्रारी अर्थिंगच्या असतात. दिवा मंद, पंप अडखळतो, इंडिकेटर दिला की हॉर्न कुजबुजतो. बॉडीला जोडलेले अर्थचे बोल्ट खोलून घासा. पावसात उंदीर कोरडी जागा म्हणून गाडीतच येतात, तेव्हा कुरतडलेल्या वायरी पॅनेलच्या मागेही शोधा. आतले दिवे-पंप चालवणाऱ्या बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. चार्ज केलेली लेड-ॲसिड बॅटरी रात्रभर ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२ वर आली असेल तर भंगारात द्या. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसायला हवेत, नाही तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी असलीच पाहिजे. नळीवरची मुदत बघा, जोडांना साबणाचा फेस लावा, गाडी चालताना सिलेंडर बंद. पाण्याची टाकी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भरून, काही तास ठेवून धुवा.

डिझेल टाकीच्या तळाचं डिझेल मात्र काढून बघाच. अर्धी भरलेली टाकी दोन पावसाळे राहिली की आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. ते पंपात आणि नोझलमध्ये गेलं तर दुरुस्ती महाग पडते. फिल्टर नवा टाका, एक सोबत ठेवा. कूलंट आणि होसपाइपही याच वेळी बदला.

कागदपत्रांत एकच गोष्ट अडेल. खासगी नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमची २०२४ साली संपली. काकांनी नूतनीकरण केलंय का ते आधी विचारा. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बॉडीचा प्रकार अजून प्रवासी वाहन असेल तर आतले बदल नोंदवून घ्या. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वेगळा प्रकार नियमांत आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिलं तेच बघेल.

आता चालवून पाहणं. त्याआधी वजनासाठी एकदा गाडी पूर्ण भरा: पाणी, गॅस, भांडी, माणसं, सामान. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि घरगुती सिलेंडरमध्ये गॅस १४.२ किलो असला तरी लोखंडासह तो तीस किलोच्या घरात जातो. कुठल्याही वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी असं वजन घ्या आणि आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा. हौशी सुताराने जाड प्लाय वापरलेला असला की आकडा बघून घाम फुटतो.

वजन झालं की पहिली फेरी मात्र रिकाम्या गाडीने मारा. गावातल्या मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का बघा. मग राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून धारगळ, पत्रादेवी करत सावंतवाडीच्या दिशेने साठ-सत्तरच्या वेगाने जा. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं वळवल्यावर घरघर बदलली तर बेअरिंग. थांबून प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

खरी परीक्षा चोर्ला घाटात, भरलेल्या गाडीने, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी. रविवारी तिथे पर्यटकांची गर्दी असते. अनमोडला अवजड ट्रक फार, मध्येच थांबून तपासायला जमत नाही. तिलारीचा घाट फार उभा, पहिल्याच खेपेला तो नको. केरीला अंजुणे धरणापाशी थांबून तेल, कूलंट, टायर बघा आणि चढा. तापमानाचा काटा वर गेला तर बाजूला घेऊन इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवा, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. क्लचचा जळका वास आला तर क्लच प्लेट बघावी लागेल. गरम इंजिन पांढरा धूर सोडतंय आणि कूलंटही कमी होतंय, तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) संशय घ्या. वर अर्धा तास थांबा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. ठामपणे दाबायचा, वेग उतरला की सोडायचा. खाली केरीला आल्यावर पेडल चढतानाइतकंच कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं किंवा एखाद्या चाकाचा वास आला तर ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. थंड होऊ द्या आणि थेट गॅरेज गाठा.

त्यानंतर एक रात्र गाडीत झोपा, घराजवळच. सत्तरी तालुक्यात कुणाच्या ओळखीचं कुळागर (माड-पोफळीची बाग) असेल तर उत्तम. किनाऱ्यावर जाऊन चूल मांडू नका. २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे. झोपताना आणि उठल्यावर बॅटरीचे व्होल्ट लिहून ठेवा, पंप वापरून बघा, आणि सगळ्यांना आत एकदम वावरता येतं का तेही. दार रात्री आतून उघडत नाही असलं काही हंपीत कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

वेळेचं म्हणाल तर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात गोव्यात फिटर मिळत नाही, आणि दसऱ्याला गॅरेजवाले अवजारं पूजेला मांडतात. ब्रेक आणि पाट्यांचं काम या दोन्हींच्या मध्ये बसवा, चोर्ला दसऱ्यानंतर लगेच. हंपी पहिल्या फटक्यात घेऊ नका. आधी आंबोली-कोल्हापूर करून घरी या, जे सुटलं-गळलं ते दुरुस्त करा, मग हुबळी-गदगमार्गे हंपी. इंजिन जुन्या मेकॅनिकल पंपाचं आहे की कॉमन रेलचं (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणारं), आणि आरसीवर बॉडीपुढे नेमकं काय लिहिलंय, एवढं कळवा. सोबत कोणते पार्ट ठेवायचे ते त्यावर ठरेल.