ट्रॅक्टरचा क्रँक घासलाय: ग्राइंडिंग करावं की नवा टाकावा?

भाऊ, इंजिन तापलं की ऑइलचं प्रेशर पडतं, रोटाव्हेटर लावला की खालून ठकठक येते, मिस्त्री म्हणतो क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) ग्राइंडिंग करा, म्हणजे मशीनवर घासून गुळगुळीत करा, आणि दुकानदार म्हणतो नवाच टाका, असं तुम्ही लिहिलंय. दोघांनाही आधी एकच विचारा: क्रँक मापला का? चोपड्याकडे माझं इंजिनकामाचं वर्कशॉप आहे. नुसतं नख फिरवून क्रँकचा निकाल लावलेला मी खूपदा पाहिलाय, आणि त्याचा भुर्दंड दरवेळी शेतकऱ्यालाच बसतो.

प्रत्येक जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मायक्रोमीटरने दोन्ही टोकांना मापायचं, आणि प्रत्येक टोकाला उभं-आडवं. उभ्या-आडव्यात फरक आला तर ते लंबगोल झालंय, टोकाटोकांत आला तर निमुळतं. चालणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, त्यामुळे व्हर्निअरवर भागवू नका. मर्यादा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असते.

मग जुन्या बेअरिंगची पाठ पुसून बघा. तिथे साईज कोरलेली असते. ग्राइंडिंगने जर्नल जितकं बारीक होतं, तितक्या पुढच्या साईजचं जाड बेअरिंग लागतं. स्टँडर्ड किंवा 0.25 असेल तर क्रँकमध्ये अजून जीव आहे. साधारणपणे 0.25, 0.50, 0.75, 1.00 मिमी अशा साईज मिळतात, म्हणजे आपल्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस (इंचाचे हजारावे भाग). पण तुमच्या मॉडेलला शेवटची कोणती मिळते ते आधी विचारा, आणि बेअरिंग सेट हातात आल्याशिवाय क्रँक मशीनवर चढवू नका. शेवटच्या साईजचाच क्रँक पुन्हा खराब झाला असेल तर नवा घ्या. वेल्डिंगने भरून घासून देणारेही भेटतील. ट्रॅक्टरच्या क्रँकवर मी ते करत नाही.

साईज शिल्लक असूनही मी दोन वेळा नाहीच म्हणतो. एक, बेअरिंग फिरून जर्नल निळं पडलं असेल तर. तिथलं पाणी, म्हणजे लोखंडाचा कडकपणा, उतरलेलं असतं आणि बारीक तडे असण्याची शक्यता मोठी. दोन, चाचणीत तडा दिसला तर. मॅग्नेटवर तडे तपासण्याची सोय जवळ नसेल तर जुनी पद्धत वापरा: क्रँक रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, कोरडा पुसून जर्नलच्या कोपऱ्यांवर खडू फासा. तडा असेल तर आतलं तेल खडूवर रेघ होऊन उमटतं. अगदी बारीक तडा मात्र यातूनही सुटू शकतो.

कोपऱ्यांचं एवढं का सांगतोय ते ऐका. यावलकडचा एक ट्रॅक्टर ग्राइंडिंगनंतर एका हंगामातच केळीच्या शेतात बंद पडला. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवलं तर क्रँकचे दोन तुकडे. तुटलेल्या तोंडाचा अर्धाअधिक भाग काळपट, गुळगुळीत, शिंपल्यासारख्या रेघांचा होता आणि उरलेला भाग ताजा, खडबडीत. म्हणजे तडा कित्येक दिवस सरकत होता. सुरुवात जर्नलच्या कोपऱ्यातून झाली होती. तिथे गोलाई ठेवायची असते, ग्राइंडिंगवाल्याने कोपरा काटकोनात कापला होता. तुमचा क्रँक परत आला की तिथे बोट फिरवा, धार लागता कामा नये. ऑइलच्या भोकांच्या कडांचीही धार मोडलेली हवी.

पैशाचं म्हणाल तर इंजिन उघडायची-बांधायची मजुरी, बेअरिंग, गॅस्केट हे दोन्हीकडे लागतंच. वाचतो तो फक्त नव्या क्रँकच्या आणि ग्राइंडिंगच्या पैशांतला फरक. शंकेचा क्रँक बसवला आणि तो गेला तर हा सगळा खर्च दुसऱ्यांदा होतो, वर पेरणी निघून जाते.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून बेअरिंग गेलेत असं वाटतं, पण ते का गेले हे शोधल्याशिवाय नवा क्रँकही टिकणार नाही. आपल्या काळ्या मातीची धूळ फार वाईट. एअर क्लीनरचा पाइप कुठे चिरलाय का, त्यातलं ऑइल शेवटचं कधी बदललं, ऑइल पंपचे गिअर किती घासलेत, हे सगळं बघा. कोनरॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) भोकही मापून घ्या. क्रँकच्या आतली ऑइलची नाळ बूच काढून तारेच्या ब्रशने साफ करायला लावा, तिथे ग्राइंडिंगची भुकटी अडकते. इंजिन बांधल्यावर डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा-थोडा फिरवा, प्रेशरचा काटा उठला की मगच चालू करा.

जर्नलची मापं आणि बेअरिंगच्या पाठीचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.