इंटरफेस ‘अप’ केला, तरी मॉनिटरिंगवर ‘डाउन’च का दिसतो?

तुमची अडचण अशी दिसते: लिनक्स सर्व्हरचा दुसरा नेटवर्क पोर्ट ‘अप’ केलात, कमांडने कुरकुर केली नाही, पण एसएनएमपी (नेटवर्कवरच्या उपकरणांची स्थिती दुरून विचारण्याचा प्रोटोकॉल) मॉनिटरिंगवर तो ‘डाउन’च. शिवाय ‘आयपी लिंक’ कमांडमध्ये लूपबॅकपुढे (सर्व्हर स्वतःशीच बोलतो तो आभासी इंटरफेस) ‘अननोन’. दोन्ही बरोबर आहे, घाबरू नका.

इंटरफेसच्या, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या, दोन स्थिती असतात. अ‍ॅडमिन स्टेटस हा तुमचा हुकूम, ऑपरेशनल स्टेटस हा इंटरफेसचा जबाब. तुमच्या कमांडने हुकूम बदलला. जबाब एसएनएमपीत नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही. केबल सैल असेल किंवा समोरचा स्विच-पोर्ट बंद असेल, तर तो ‘डाउन’च सांगणार. ‘आयपी लिंक’ची ओळ नीट वाचा: एकाच कंसात ‘नो-कॅरिअर’ (तारेवर सिग्नल नाही) आणि ‘अप’ दोन्ही, पुढे ‘स्टेट डाउन’.

एमआयबी म्हणजे एसएनएमपीने काय-काय विचारता येतं त्याची ठरलेली यादी. १९९१ च्या एमआयबी-२ मध्ये हा जबाब तीनच प्रकारचा होता: अप, डाउन, टेस्टिंग. आता आरएफसी २८६३ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात सात आहेत. त्यातला ‘लोअर-लेयर-डाउन’ मला फार कामाचा वाटतो. व्हीलॅन इंटरफेसवर (खऱ्या पोर्टावर उभारलेलं आभासी नेटवर्क) तो दिसला की व्हीलॅनचं कॉन्फिगरेशन उकरत बसू नका, दुखणं खालच्या पोर्टात आहे. ‘डॉर्मंट’ म्हणजे तार ठीक, पण कशाची तरी वाट पाहतोय, उदाहरणार्थ ८०२.१एक्सच्या ऑथेंटिकेशनची (नेटवर्कवर घेण्याआधीची ओळखतपासणी). लूपबॅकचा ‘अननोन’ म्हणजे स्थिती कोणी नोंदवलेलीच नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असा इंटरफेस वापरण्याजोगाच धरतो.

एक खड्डा मात्र आहे. कर्नलचे आकडे आणि एमआयबीचे आकडे वेगळे. एमआयबीत ‘अप’ म्हणजे १, कर्नलमध्ये ६. आणि एमआयबीत ६ म्हणजे ‘नॉट-प्रेझेंट’! डाउन (२) आणि डॉर्मंट (५) एवढेच जुळतात, त्यामुळे चाचणीत चूक लपून राहते. स्क्रिप्टमध्ये आकडा नको, नाव तपासा.

ही विभागणी काही एसएनएमपीपुरती नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या एक्स.७३१ मानकामध्येही (१९९२) हुकूम, जबाब आणि वापर असे तीन कप्पे आहेत. हुकुमात ‘लॉक्ड’ आणि ‘अनलॉक्ड’ यांच्यामध्ये ‘शटिंग डाउन’ येतो: दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आतल्या गिऱ्हाइकांचं उरकायचं, नवं घ्यायचं नाही. इंटरफेसच्या एमआयबीत ही सोय नाही. तिथे ‘डाउन’ म्हटलं की चालू ट्रॅफिक जागीच तुटतं.

अलार्म कशावर लावायचा, हे मी ठेच लागून शिकलो. आमच्या एका ऑफिसात ४८ पोर्टांचा स्विच होता आणि ‘ऑपरेशनल डाउन’ दिसलं की मेल, असा नियम मीच लावला होता. संध्याकाळी लोक लॅपटॉप काढून घरी निघाले की मेलचा पाऊस. आठवड्याभरात ते मेल कोणी उघडेना, आणि अपलिंक (स्विचला बाकीच्या नेटवर्कशी जोडणारी मुख्य तार) खरंच गेली तेव्हा तिचा मेलही त्याच ढिगात. तेव्हापासून रिकामे पोर्ट मी स्वतः ‘शटडाउन’ करतो, माणसांच्या टेबलांवरचे पोर्ट अलार्ममधून वगळतो, आणि बाकीच्यांवर अट एकच: हुकूम ‘अप’, जबाब ‘डाउन’.

तुमच्या पोर्टावर आधी ‘इथटूल’ ही पोर्टाची माहिती दाखवणारी कमांड चालवा. ‘लिंक डिटेक्टेड: नो’ आलं, तर कीबोर्ड सोडा आणि रॅकमागे जाऊन केबल दाबून बघा.