चार दिवस सुट्टी, घर आणि सायकल

प्रश्न : नमस्कार ताई, चार दिवस सुट्टी मिळालीये आणि यावेळी कुठेच जायचं नाही, घरीच राहून रोज सायकलवर जवळपास फिरायचं असं ठरवलंय. पण मागच्या वेळीही हेच ठरवलं होतं, पहिल्या दिवशी ॲप लावून २५ किलोमीटर केले, दुसऱ्या दिवशी ३० करायचेच म्हणून जोर लावला, गुडघा दुखायला लागला आणि उरलेले दोन दिवस मोबाईल बघत लोळण्यात गेले. शांतपणे, मन लावून फिरायचं म्हणजे नेमकं करायचं काय? आणि तेच ते रस्ते बघून कंटाळा नाही का येणार?
– एक वाचक

उत्तर : आधी गुडघ्याचं बघू, कारण तो ठणकत असला की मन दुसरीकडे लागतच नाही. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते. भिंतीला धरून सायकलवर बसा, पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. जड गिअर टाकून रेटू नका. टायरमधे हवा किती भरायची ते टायरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं, तेवढी भरून घ्या, टायर बसलेला असेल तर सगळी ताकद त्यातच जाते. एवढं करूनही दुखलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, सुट्टी आहे म्हणून अंगावर काढू नका.

आता ॲप. ते चार दिवस बंद ठेवा, अगदी मनापासून सांगते. किलोमीटर मोजायला लागलं की सुट्टीचंही टार्गेट होतं. त्यापेक्षा असं बघा, घर मधोमध धरून ५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत जवळपास ७८ चौरस किलोमीटर जागा येते आणि त्यातला आपल्या ओळखीचा असतो तो फक्त कामाला जायचा रस्ता! सावकाश, म्हणजे तासाला १२ किलोमीटरने गेलात तरी या वर्तुळाच्या कडेला २५ मिनिटांत पोचता, म्हणजे वाटेत कुठेही थांबलं, वळलं, चुकलं तरी घर जवळच. वेग किती ठेवायचा? सोबत कोणी असतं तर न धापता पूर्ण वाक्य बोलता आलं असतं, इतकाच.

मन लावायचं म्हणजे काय, तर एक करून बघा. हलका उतार आला आणि रस्ता मोकळा असला की पेडल मारणं थांबवा. मागच्या चाकातून टिकटिक ऐकू येईल, पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा जो भाग असतो, त्या फ्रीव्हीलमधले बारीक खटके दात्यांवरून घसरतात त्याचा तो आवाज. वेग कमी होत जातो तशी टिक आणि टिकमधली फट वाढत जाते, ती ऐकत राहा, पुन्हा पेडल मारायची वेळ येईपर्यंत. १८१७ मधे कार्ल फॉन ड्राइस यांनी जी दुचाकी बनवली तिला तर पेडलच नव्हते, पायांनी जमीन ढकलायची आणि मग पाय उचलून वाहत जायचं. मला स्वतःला सायकलवरचा सगळ्यात आवडता वेळ अजूनही तोच वाटतो. फक्त कानात इअरफोन नको आणि नजर रस्त्यावर हवी, मन लावणं म्हणजे तंद्री लावणं नव्हे.

कंटाळ्याचं म्हणाल तर एकच रस्ता पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी करून बघा (अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा लागतोच) आणि एकदा उलट्या दिशेने. जाताना जो रस्ता सपाट वाटला होता तो येताना चढ निघतो. वारा पाठीशी असतो तेव्हा कळत नाही, आज पाय छान चाललेत असंच वाटतं, मागे वळलं की तोच छातीवर येतो. म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघा, दमून परतताना तो मदतीला येईल.

आणि तिसऱ्या दिवशी सायकल चालवूच नका. कोरड्या फडक्याने चेन पुसा, एकेका कडीवर तेलाचा एक थेंब सोडा, पेडल उलटं फिरवत राहा, मग वरचं जास्तीचं तेल पुसून टाका नाहीतर धूळ चिकटते. यात निवांत अर्धा तास जातो. चौथ्या दिवशी कुठे जायचं ते चौथ्या दिवशी सकाळीच ठरवा.