एकतर्फी निकाल देऊ नका, वकीलसाहेब

प्रश्न : मी जिल्हा न्यायालयात पंचवीस वर्षं वकिली करतो. मुलाचा यंदा कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम ६८ टक्क्यांनी पूर्ण झाला. न्यायाधीशपदाच्या परीक्षेला लागायचं सोडून तो मध्ययुगातल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, धर्मकायद्याच्या संहिता कशा रचल्या, याचा अभ्यास करायचा म्हणतो. कौटुंबिक कायद्याच्या एका तासाला हे डोक्यात शिरलं. आठशे वर्षांपूर्वी लिहून झालेल्या संहितेत आता अभ्यास काय उरला? त्याची हिब्रूची वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. हे खूळ कसं काढावं?

उत्तर : वकीलसाहेब, नमस्कार. मी त्या कुलपापाशीच अडखळले. तेवीस वर्षांचा, पदवीधर मुलगा. त्या वहीत काय असणार? उजवीकडून डावीकडे गिरवलेली बावीस अक्षरं, ओळीच्या ओळी. या वयात पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसायला चिकाटी लागते, आणि ती चिकाटी तुम्ही कपाटात बंद करून ठेवलीत. पत्रात त्याचे गुण आहेत, परीक्षा आहे, तुमची पंचवीस वर्षं आहेत. त्याला हे का करायचं आहे, यावर एक ओळही नाही. तुम्ही विचारलंत तरी का?

तो ज्यांचा अभ्यास करू पाहतोय त्यांतले सर्वांत मोठे बाराव्या शतकातले मायमोनिडीस. त्यांच्या ‘मिश्ने तोरा’ या संहितेचे १४ ग्रंथ आहेत, शेवटचा न्यायाधीशांवर. त्यात एक नियम आहे : दुसरा पक्षकार समोर नसताना न्यायाधीशाने एकाचं म्हणणं ऐकू नये. तुम्ही घरात एकतर्फी निकाल देऊन बसलात आणि मला त्यावर शिक्का मारायला सांगताय. मी तो मारणार नाही.

आता ‘अभ्यास काय उरला’ याबद्दल. एका वकिलाने हे विचारावं याचं मला खरंच वाईट वाटलं. भारतीय न्याय संहिता २०२४ मध्ये लागू झाली म्हणून तुमचं काम संपलं का? तालमूद म्हणजे ज्यू धर्मकायद्यावरचा २,७११ पानांचा वादविवाद. त्यात हरवून न जाता माणसाला नेमका नियम सापडावा म्हणून मायमोनिडीस यांनी इजिप्तमध्ये ११८०च्या सुमारास ‘मिश्ने तोरा’ पुरा केला, आणि कोणतं मत कुणाचं, कुठून आलं, हे जवळजवळ सगळं गाळलं. दक्षिण फ्रान्समधले रब्बी अब्राहम बेन डेव्हिड संतापले. आधारच दिला नाही तर न्यायाधीशाने निवड कशी करायची? त्यांचे ते आक्षेप आजही ‘मिश्ने तोरा’च्या छापील पानावर मूळ मजकुराशेजारी असतात. पुढे स्पेनमध्ये याकोव बेन आशेर यांनी व्यवहारातला कायदा चार भागांत नव्याने लावला. सोळाव्या शतकात आजच्या इस्रायलमधल्या साफेदचे योसेफ कारो यांनी अल्फासी, मायमोनिडीस आणि आशेर (याकोव यांचे वडील) या आधीच्या तीन पंडितांचं जणू तीन न्यायाधीशांचं खंडपीठ मानलं. जिकडे दोघं, तो नियम. त्यांची संहिता ‘शुल्हान आरुख’, म्हणजे मांडलेलं टेबल, १५६५ मध्ये व्हेनिसला छापून झाली. लगेच पोलंडमधल्या क्राकोचे मोझेस इसेर्लेस म्हणाले की आमच्याकडची रीत यात नाही, आणि त्यांनी त्या टेबलावर स्वतःच्या टीपांचं टेबलक्लॉथ अंथरलं. त्या टीपांचं नावच ते. संहिता झाली की वाद नव्याने सुरू होतो, साहेब. तुमचा मुलगा तोच वाद वाचायला निघालाय.

आणि तो कौटुंबिक कायद्याचा तास आठवा. भारतातल्या ज्यूंच्या विवाह-घटस्फोटावर आजही स्वतंत्र अधिनियम नाही. प्रकरण आलं की परंपरेतच शोधावं लागतं, आणि हा समाज आपल्या कोकणात शतकानुशतकं राहिलेला आहे. मूळ ग्रंथ वाचू शकणारे किती वकील तुमच्या बार रूममध्ये आहेत? यासाठी धर्म बदलावा लागत नाही, रब्बीही व्हावं लागत नाही.

परीक्षेचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. तेव्हा तुमची घाई तशीही निरर्थक आहे.

मुलालाही एक सांगायचंय, हे पत्र त्याला वाचायला द्या. मायमोनिडीस यांचा भाऊ डेव्हिड जडजवाहिराचा व्यापार करून घर चालवायचा. तो हिंदी महासागरात बुडाला, आणि त्यानंतर मायमोनिडीस वैद्यकीवर जगले. ११९९च्या एका पत्रात ते लिहितात : सुलतानाच्या वाड्यावरून दमूनभागून कैरोजवळच्या फुस्तातला घरी परत यावं तर घर रोग्यांनी भरलेलं, त्यांची क्षमा मागून दोन घास खायचे, तेवढंच दिवसाचं जेवण, मग आडवं पडूनच औषधं सांगायची. विद्वानाने धर्मादायावर जगू नये, हे त्यांनी संहितेतच बजावलंय. बाळा, तीन वर्षं कोर्टात उभा राहा, वडिलांच्या ऑफिसात नव्हे, दुसऱ्या कुणाकडे ज्युनिअर म्हणून. संध्याकाळी हिब्रू, मग तालमूदची अरामी भाषा. ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर मूळ ग्रंथ फुकट आहेत. जेरुसलेम किंवा ऑक्सफर्डला अर्ज करायचा तो हातात भाषा आल्यावर. मायमोनिडीस यांच्या हातचे खर्डे कैरोच्या सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनास्थळातल्या) कागदांत सापडले, ते हिब्रू लिपीतल्या अरबीतही आहेत. त्याची तयारी ठेव.

वकीलसाहेब, आज कपाट उघडा. वही त्याच्या टेबलावर ठेवा आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. त्याची बाजू ऐकल्याशिवाय मी याहून जास्त काही सांगणार नाही.